ढेकूण चावला, त्यात लाज कसली?



या महिन्यात आम्ही अशा एका किड्याविषयी लिहिणार आहोत, ज्याचे नाव काढले की मोठी माणसेही आवाज खाली आणतात. शाळेत त्याला ढेकूण म्हणतात. घरी तुमची दादी किंवा नानी खटमल म्हणत असेल. संस्कृतच्या पुस्तकात तोच मत्कुण या नावाने भेटतो. खटमल या शब्दात तर खाटच दडलेली आहे. नावे तीन, किडा एकच.

वर्गात मुले आम्हाला या किड्याविषयी तीन प्रश्न विचारतात. तो चावतो तेव्हा आपल्याला जाग का येत नाही? त्याच्या चावण्याने आजार होतो का? तिसरा प्रश्न मात्र मधल्या सुट्टीत, कोणी ऐकत नाही ना हे पाहून, हळूच विचारला जातो: ज्याच्या घरी ढेकूण आहेत, त्याच्या शेजारी बसावे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विज्ञान देते. तिसऱ्याचे अर्धे उत्तर विज्ञानात आहे आणि उरलेले अर्धे आपल्या वागण्यात आहे. म्हणून तिन्ही प्रश्न क्रमाने घेऊ.

हा आहे तरी कोण?

पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ मिलिमीटर लांब असतो. सफरचंदाची बी डोळ्यांसमोर आणा. आकार आणि रंग बराचसा तसाच. पोट रिकामे असेल तर तो कागदासारखा चपटा असतो, म्हणून लाकडाच्या बारीक फटीतही शिरतो. रक्त प्यायल्यावर फुगून लांबट आणि लालसर दिसतो. त्याला सहा पाय असतात. पंख नसतात, त्यामुळे तो उडत नाही. पिसवेसारखा उडीही मारत नाही. त्याला फक्त चालता येते. एका मिनिटात साधारण मीटरभर अंतर तो कापतो.

मादी पांढरट, जेमतेम १ मिलिमीटरची अंडी घालते आणि ती फटीत चिकटवून ठेवते. आयुष्यभरात तिची दोनशेहून अधिक अंडी होऊ शकतात. आपल्याकडच्या उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यातून पिल्लू बाहेर येते. मोठे होईपर्यंत ते पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी त्याला रक्त प्यावे लागते. डासांमध्ये फक्त मादी चावते; ढेकणांमध्ये मादी, नर आणि पिल्ले सगळेच चावतात. दुसरे कोणतेही अन्न त्यांना चालत नाही. मात्र उपाशी राहण्यात ते पटाईत आहेत. हवा थंड असेल तर कित्येक महिने न खाता काढतात. म्हणूनच दोन महिने बंद असलेल्या घरातही ते तुमची वाट पाहत बसलेले असतात.

हा किडा नवा नाही. इजिप्तमधल्या अमार्ना या प्राचीन नगरीच्या उत्खननात ढेकणांचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही लोक अंथरुणात खाजवत होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार तर ढेकणांचे पूर्वज १० कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर असताना पृथ्वीवर होते.

तो चावतो कसा?

दिवसा ढेकूण फटीत दडून बसतो. रात्री आपण गाढ झोपलो की बाहेर पडतो. अंधारात त्याला आपण कसे सापडतो? आपल्या शरीराची ऊब आणि आपण श्वासातून बाहेर टाकतो तो कार्बन डायऑक्साईड, या दोन खुणांवरून तो आपल्यापर्यंत पोहोचतो.

ढेकणाची सोंड सुईसारखी असते. एरवी ती डोक्याखाली दुमडलेली असते. चावताना तो ती सरळ करून आपल्या त्वचेत खुपसतो. तिच्यात दोन बारीक नळ्या असतात. एका नळीतून तो आपली लाळ आत सोडतो आणि दुसरीने रक्त ओढतो. या लाळेत दोन करामती असतात. एक, ती जागा थोडी बधिर होते, म्हणून आपल्याला टोचलेले कळत नाही. दुसरी, रक्त गोठत नाही, म्हणून ते त्याला सहज ओढता येते. पाच-दहा मिनिटांत पोट भरले की तो परत आपल्या फटीत जातो आणि काही दिवस तिथेच पडून राहतो. आपल्याला जाग न येण्याचे कारण ते हे. झोप फार गाढ आहे म्हणून अम्मीचे बोलणे खाऊ नका!

मग खाज का सुटते? आपल्या शरीराला ती परकी लाळ ओळखू येते. शरीर तिच्याविरुद्ध उठते, त्या जागी सूज येते, गांधी उठते आणि खाज सुटते. म्हणजे खाज ही ढेकणाच्या दातांची नाही (त्याला दात नसतातच), ती आपल्याच शरीराच्या पहारेकऱ्यांची धावपळ असते. हे पहारेकरी प्रत्येकाचे वेगळे. कोणाला सकाळीच गांधी दिसते, कोणाला दोन-चार दिवसांनी, आणि काहींना काहीच होत नाही. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोन भावांपैकी एकाचे हात लाल आणि दुसऱ्याची कातडी स्वच्छ, असे होते ते यामुळे. "याचे रक्त गोड आहे" असे घरात म्हणतात, पण रक्ताच्या गोडीशी याचा संबंध नाही. ढेकूण बहुधा दोघांनाही चावलेला असतो.

ढेकूणच चावला हे कसे ओळखायचे?

ढेकणाच्या खुणा बहुतेक वेळा झोपेत उघड्या राहणाऱ्या भागावर दिसतात: हात, मान, चेहरा, पाठ. कधी तीन-चार खुणा एका ओळीत, कधी एकाच जागी घोळक्याने. पण नुसत्या खुणेवरून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. डासाची, पिसवेची आणि ढेकणाची गांधी सारखीच दिसू शकते.

खरा पुरावा अंगावर नसतो, अंथरुणात असतो. गादीच्या शिवणीत, उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात, खाटेच्या सांध्यांत आणि भिंतीच्या फटीत टॉर्चच्या उजेडात बघा. पेनाच्या टोकाने ठिपके दिल्यासारखे काळे डाग, चादरीवर रक्ताचे लहान ठिपके, टाकलेली पिवळसर कात, किंवा स्वतः ढेकूण. यातले काही सापडले की शंका उरत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ असेल, रात्री खाज असह्य होत असेल आणि घरातल्या इतरांनाही तसेच होत असेल, तर ती खरूज असू शकते. खरजेचा किडा त्वचेच्या आत राहतो आणि एकापासून दुसऱ्याला लागतो. त्याला डॉक्टरांचेच औषध लागते. ढेकूण समजून ती अंगावर काढू नका.

आजार होतो का?

डास हिवताप आणि डेंग्यू पसरवतो, म्हणून ढेकूणही काहीतरी पसरवत असेल अशी भीती साहजिक आहे. शास्त्रज्ञांनी याचा पुष्कळ तपास केला आहे. ढेकणाच्या चावण्यातून माणसाला रोग होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही.

म्हणून त्रास नाही असे मात्र नाही. खाजवून त्वचा फुटली की नखांतले जंतू आत जातात आणि जखम पिकते. त्याहून मोठा त्रास झोपेचा. रात्रभर कूस बदलणारे मूल सकाळी वर्गात पेंगते. त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा त्याची रात्र कशी गेली ते विचारायला हवे.

चावल्यावर काय करायचे? ती जागा साबण-पाण्याने धुवा. थंड पाण्यात भिजवलेले फडके ठेवा. नखे कापलेली असू द्या. खाज जास्त असेल तर अम्मी-अब्बांना सांगून कॅलामाइन लोशन लावा. चुना, टूथपेस्ट, रॉकेल यांतले काहीही लावू नका; त्यांनी कातडी भाजते. पू झाला, ताप आला किंवा लाली पसरत गेली तर दवाखान्यात जायचे. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर क्षणभरही थांबायचे नाही. असे फार क्वचित होते, पण माहीत असावे.

आता तिसरा प्रश्न

सहावीच्या वर्गात आम्ही पाहिलेली गोष्ट सांगतो. ईदच्या सुट्टीनंतर शाळा भरली. एका मुलाच्या दप्तरावरून ढेकूण चालताना कोणाला तरी दिसला. अर्ध्या तासात त्या मुलाचे नाव "खटमल" पडले. बाकावरचे दोघे उठून दुसरीकडे गेले. तिसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावर एकटा बसला होता आणि बाह्या मनगटापर्यंत ओढून घेत होता.

आम्ही वर्गाला काही प्रश्न विचारले आणि हात वर करायला सांगितले. गेल्या वर्षभरात रेल्वेत किंवा रात्रीच्या एसटीत कोण झोपले? लग्नघरी भाड्याने आणलेल्या गादीवर कोण झोपले? कोणाच्या घरी जुनी खाट किंवा सोफा विकत आणला? कोणाच्या घरी पाहुणे मुक्कामाला आले? होस्टेलवरून भाऊ-बहीण बॅग घेऊन कोणाकडे आले? पाच प्रश्न संपले तेव्हा हात वर न केलेले एकही मूल नव्हते. मग आम्ही फळ्यावर एवढेच लिहिले: ढेकूण चालत घरी येत नाही, आपणच त्याला घेऊन येतो, आणि कोणीही आणू शकतो.

हेच विज्ञान सांगते. ढेकणाला धूळ लागत नाही, खरकटे लागत नाही. त्याला झोपलेला माणूस आणि लपायला फट एवढेच हवे. दोन्ही गोष्टी झोपडीत असतात आणि बंगल्यातही असतात. २०२३ मध्ये पॅरिससारख्या शहरात ढेकणांनी एवढा गोंधळ उडवला की रेल्वे आणि सिनेमागृहांतल्या खुर्च्यांची बातमी जगभर गेली. न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलांनाही ते सुटलेले नाहीत. स्वच्छता हवीच, पसारा कमी असेल तर ढेकणाला लपायला जागा कमी मिळते आणि तो लवकर दिसतो. पण घरात ढेकूण निघाला म्हणजे ते घर घाण, असा अर्थ होत नाही.

मग शेजारी बसावे का? खुशाल बसावे. ढेकूण उवेसारखा माणसाच्या अंगावर राहत नाही. एखादा दप्तराच्या किंवा कपड्याच्या घडीत बसून येऊ शकतो, एवढेच. दप्तरे एकमेकांवर न रचता वेगळी टांगली, घरी गेल्यावर दप्तर गादीवर न टाकता झटकून ठेवले, की पुरेसे आहे. मित्राला टाळल्याने ढेकूण कमी होत नाहीत. फक्त तो मित्र ते लपवू लागतो. लपवले की घरच्यांना उशिरा कळते, आणि उशीर झाला की ढेकणांची संख्या वाढते. चिडवणारा वर्ग असा ढेकणालाच मदत करतो.

त्या मुलाने चौथ्या दिवशी घरी सांगितले. घरात पाहुण्यांसाठी आणलेल्या गाद्यांपैकी एकीत ते निघाले. तोवर घरचे डास समजून अगरबत्ती लावत होते.

घालवायचे कसे?

हे काम सगळ्या घराचे आहे. ढेकणाचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. ५० अंश सेल्सिअसला तो आणि त्याची अंडी टिकत नाहीत. म्हणून चादरी, अभ्रे आणि रोजचे कपडे कडक गरम पाण्यात, साधारण ६० अंशाच्या, अर्धा तास भिजवून धुवावेत. गादीच्या शिवणीवर जाड ब्रश फिरवावा. खाट अंगणात किंवा गच्चीवर नेऊन सांधे मोकळे करावेत आणि उकळते पाणी ओतावे. पाणी ओतण्याचे काम मोठ्यांचेच. मुलांनी लांब उभे राहायचे.

आपल्याकडे पूर्वी उन्हात खाट आपटायची रीत होती. त्यात तथ्य आहे: आपटल्यावर ढेकूण फटीतून पडतात आणि उन्हाने बेजार होतात. पण जाड कापसाच्या गादीत ऊन आतपर्यंत पोहोचत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. म्हणून नुसत्या उन्हावर विसंबू नये. गादी उलटसुलट करावी आणि शिवणी तपासाव्यात.

खाट भिंतीपासून हातभर दूर ओढावी. चादर जमिनीला टेकू देऊ नये. खाटेचे चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर चढणारे ढेकूण त्यात अडकतात. ते पाणी रोज बदलावे, नाही तर ढेकणांऐवजी डास पाळल्यासारखे होईल. भिंतीच्या फटी पुट्टीने बुजवाव्यात. लोखंडी खाटेच्या नळ्यांची उघडी तोंडेही बंद करावीत. आत त्यांची वस्ती असते.

ढेकूण निघाले म्हणून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नये. ते माणसाच्या मागे तिथेही पोहोचतात आणि एका खोलीचे काम दोन खोल्यांचे होते.

एकदा साफ करून थांबायचे नाही. उरलेली अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दर आठवड्याला तेच काम, निदान सहा आठवडे. घाईने केलेल्या एका दिवसापेक्षा चिकाटीचे दीड महिने जास्त कामाचे.

युरोपातल्या बाल्कन भागातल्या लोकांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. ते रात्री पलंगाभोवती राजम्यासारख्या घेवड्याची पाने पसरत. सकाळी पानांवर ढेकूण अडकलेले असत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कळले की पानावरचे बारीक आकडे ढेकणाच्या पायात घुसतात आणि त्याला जागीच खिळवतात. आजीबाईंच्या बटव्यातल्या प्रत्येक गोष्टीला असा आधार मिळतोच असे नाही, पण तपासून पाहायला काय हरकत?

अम्मी-अब्बांसाठी चार ओळी

हा भाग मुलांनी घरात मोठ्याने वाचून दाखवावा.

ढेकणांनी वैतागलेला माणूस हाताला येईल ते औषध आणतो. कोणी शेतात फवारायचे औषध गादीवर फवारतो, कोणी रॉकेल ओततो. सर्वांत भयंकर म्हणजे धान्याला कीड लागू नये म्हणून वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या खोलीत ठेवणे. हवेतल्या ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. शेजारच्या खोलीतही शिरतो. ढेकणांसाठी असे विषारी औषध वापरल्यामुळे माणसे, लहान मुलेसुद्धा, दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात एकदा नव्हे, अनेकदा आल्या आहेत. ढेकूण जीव घेत नाही, हे औषध घेते.

शिवाय औषधाचा मारा अनेकदा वायाही जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकूण संपतील असे जगाला वाटले होते. पण १९४७ च्या सुमारासच हवाई बेटांवर, पर्ल हार्बरच्या बराकींत, डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले. आज कित्येक नेहमीच्या फवाऱ्यांनाही ते दाद देत नाहीत. फवारणी करायचीच असेल तर परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्यावी, घरातली माणसे किती वेळ बाहेर राहायची ते त्याला विचारावे आणि ते काटेकोरपणे पाळावे. तान्हे बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल तर ते आधीच सांगावे.

आणखी एक विनंती. मूल "मला काहीतरी चावते" म्हणाले तर "शेजारी कळेल, गप्प बस" असे म्हणू नका. चाळीत, इमारतीत भिंत एकच असते. ढेकूण इकडून तिकडे जातात. शेजाऱ्यांना वेळेवर सांगितले आणि दोन्ही घरांनी एकाच दिवशी सफाई केली, तरच दोघांची सुटका होते.

या महिन्याचा गृहपाठ

मुलांनो, येत्या सुट्टीच्या दिवशी अब्बांना किंवा भाईजानला बरोबर घ्या आणि टॉर्च लावून आपल्या गादीच्या चारही कडा तपासा. काही सापडले नाही तर उत्तमच. सापडले तर पारदर्शक चिकटपट्टीने ते वहीच्या कागदावर चिकटवा, पाय मोजा आणि घरात सगळ्यांना दाखवा. पुढच्या वेळी प्रवासाहून आल्यावर बॅग पलंगावर न ठेवता आधी बाहेर झटका. घरातला कोणी विसरला तर आठवण करून द्या.

आणि वर्गात कोणी बाह्या ओढून बसलेला दिसला तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला विचारा, "रात्री झोप लागली का?"